मॅडम सूत्र विसरल्या

नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. डहाणू-तलासरी भागात पहिले धक्के बसले तेव्हा कुणी म्हणालं, खाणीत सुरुंग लावला असेल. मग ते थांबेचनात. आधी खालून गडगड ऐकू यायची, जड ट्रक जवळून गेल्यासारखी, आणि लगेच मांडणीवरची भांडी वाजायची. जानेवारी उजाडेपर्यंत लहान पोरंसुद्धा गडगड ऐकली की हातातलं टाकून अंगणात पळायला शिकली होती.

तलासरीच्या पुढे एका पाड्यावर आठवीपर्यंतची शाळा होती. तिच्या भिंतींना तडे गेले, तेव्हा मुख्याध्यापक रविंद्र वरठा यांनी सगळे वर्ग मैदानात आणले. बांबू रोवले, वर ताडपत्री बांधली, फळे विटांच्या थरावर उभे केले. वारा आला की ताडपत्री फडफडायची आणि सगळ्या माना एकदम वर व्हायच्या.

मयुरा सावे तिथे सहावी ते आठवीला गणित शिकवायची. माहेर वरोरचं, सासर डहाणूचं. दोन्हीकडे चिकूच्या वाड्या. रोज स्कूटीने यायची. अक्षर छापल्यासारखं, शिकवणं नेटकं. सूत्र फळ्यावर लिहायचं, वर्गाकडून तीनदा म्हणून घ्यायचं, मग विचारायचं, "कळलं?" वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणायचा आणि ती पुढच्या उदाहरणाकडे वळायची. बारा वर्षं असंच चाललं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

आठवीच्या वर्गात लाडकी होती. हाल्या आणि बायजी यांची थोरली मुलगी. घरात वारली बोलणारी, शाळेत मराठी, आणि बाजारात गेली तर भय्याशी हिंदीत घासाघीस करणारी. गणित आवडतं हे सांगताना तिला कधी संकोच वाटला नाही. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून ती सुकीसारख्या मागे पडलेल्या मुलींना वारलीतून उदाहरणं समजावायची, आणि त्या मुलींना ते मॅडमच्या मराठीपेक्षा लवकर कळायचं. फेब्रुवारीच्या शेवटी आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. मयुराने वर्गातली मोजकी नावं दिली होती, त्यांत पहिलं लाडकीचं.

जानेवारीच्या मध्यावर सराव चाचणी झाली. लाडकीने कोरा कागद दिला. वर नाव लिहिलेलं, तारीख लिहिलेली, खाली काहीच नाही.

"अगं, हे तर तू डोळे मिटून सोडवतेस," मयुरा म्हणाली.

लाडकी खाली बघत राहिली. "येत नाय मॅडम."

"येत नाही म्हणजे? परवा सुकीला शिकवत होतीस ना?"

"तवा येत होता. आता नाय."

मयुराला वाटलं, आळस असेल, किंवा घरी काही झालं असेल. ती थोडी रागावलीही. "परीक्षा तोंडावर आलीय, आता हे चालायचं नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाली. दुसऱ्या दिवशी लाडकी शाळेत आली नाही. त्यानंतरही आली नाही. सुकीकडे चौकशी केली तर ती म्हणाली, "ती आता येणार नाय. तिचा डोका गेला म्हणते."

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मयुरा लाडकीच्या घरी गेली. कुडाच्या घराची एक बाजू वाकली होती आणि तिला लाकडाचा टेका दिला होता. सगळा संसार अंगणात आलेला: चूल, गोधड्या, तांदळाची पिंपं, वर निळा प्लॅस्टिकचा कागद. बायजीने खाट पुढे केली, पाणी दिलं. लाडकी धाकट्या भावाला कडेवर घेऊन लांब उभी राहिली.

"हाल्यादादा, लाडकीला शाळेत का पाठवत नाही?" मयुराने विचारलं.

"मी नाय थांबवली बाई," हाल्या म्हणाला. "तीच नाय बोलते. तिच्या मावशीबरोबर मिरचीच्या वाडीवर कामाला जाईन म्हणते. मी बोललो, परीक्षा दे, मग बघू. ऐकत नाय."

"नीट झोपत नाय ती," बायजी म्हणाली. "आम्ही पण नाय झोपत. पण ती बसूनच असते."

मयुराने लाडकीला जवळ बोलावलं. ती आली, पण भावाला खाली ठेवायला तयार नव्हती.

"काय होतं गं तुला? मला सांग तरी."

लाडकीने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "घर हलला ना, तसा माझा डोकापण हलला. मांडणीवरची भांडी पडली ना, तसा आतला सगळा पडला. पाढे पण नाय येत. सातचा पाढा नाय येत, मॅडम." हे बोलताना तिचा चेहरा अगदी शांत होता. मुलगी घाबरलेली नव्हती, तिने मान्य करून टाकलं होतं.

"असं काही नसतं," मयुरा म्हणाली. पण काय असतं ते तिला सांगता येईना. तिलाही हल्ली रात्री भिंतीवरचं घड्याळ हललं की जाग यायची, आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नसे.

परत जाताना तलासरी नाक्यावर चहाला थांबली, तेव्हा तिला विपुल सर आठवले. आदल्या वर्षी डहाणूत शिक्षकांचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे हे विपुल सर मेंदू कसा शिकतो यावर बोलले होते. मुलांना स्वतःच्या विचारांकडे बघायला शिकवा, काय येतं आणि काय येत नाही हे त्यांचं त्यांना ओळखता आलं पाहिजे, एका सुरात म्हणणं म्हणजे येणं नव्हे, असं बरंच काही. मयुरा मागच्या बाकावर बसून पेपर तपासत होती. जेवण चांगलं होतं एवढंच तिने घरी येऊन सांगितलं होतं. पण सरांचा नंबर फोनमध्ये होता. तिने तिथूनच फोन लावला आणि लाडकीचं सगळं सांगितलं.

विपुल सरांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही. मुलगी जेवत-झोपत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवून घ्या. पण पाढे पुसले गेले असं समजू नका. धोका वाटला की मेंदू आधी जीव वाचवायच्या कामाला लागतो. कान टवकारतो, पाय पळायला तयार ठेवतो. अशा वेळी आठवणं, विचार करणं मागे पडतं. जे शिकलेलं आहे ते आत असतंच, हाताला लागत नाही इतकंच. तुमच्याकडे तर हे रोज चाललंय."

"मग मी तिला काय सांगू? घाबरू नकोस?"

"नका सांगू. जमीन खरंच हलतेय, तर ती घाबरणारच. डोक्यात काय चाललंय ते तिला बघायला शिकवा. आत्ता घाबरलेय, म्हणून आठवत नाहीये, हे ओळखता आलं की निम्मी भीती तिथेच उतरते. मग जे थोडं आठवतं तिथून सुरू करायचं. आणि सांगण्यापेक्षा करून दाखवा. तुमचं स्वतःचं अडतं तेव्हा तुम्ही काय करता, ते मुलांनी कधी पाहिलंय का?"

 मयुराचं अडलेलं मुलांनी कधीच पाहिलं नव्हतं. रोजचा धडा ती घरून पक्का करूनच यायची.

सोमवारी ती शाळेआधी वाट वाकडी करून लाडकीकडे गेली. "वर्गात येऊन नुसती बस," म्हणाली. "कागद देणार नाही, काही विचारणार नाही. नाही आवडलं तर उद्या येऊ नकोस." बायजीने भावाला आपल्याकडे घेतलं आणि लेकीला म्हणाली, "जा गं. बसायला काय जाते." लाडकी स्कूटीवर मागे बसली.

तेव्हा समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ चाललं होतं. मयुराने आकृती काढली: वरची बाजू सहा सेंटिमीटर, खालची दहा, उंची चार. "आता सूत्र," असं म्हणून तिने खडू टेकवला, आणि खालून गडगड आली. बांबू कडकडले. फळा विटांवरून सरकला, तो तिने दोन्ही हातांनी धरला. मुलं उठली, मैदानाच्या मध्ये पळाली, लहान वर्गातली रडायला लागली. सगळं थांबायला फार वेळ लागला नाही. रविंद्र सरांनी प्रत्येक वर्ग मोजून घेतला, सगळी मुलं आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "बसा, बसा आपापल्या जागी. काही झालेलं नाही."

आठवी परत बसली. मयुराने खडू उचलला, फळ्याकडे वळली, आणि सूत्र गेलं.

तिला आधी खरंच वाटेना. समलंब चौकोन. बारा वर्षांत किती वेळा तीनतीनदा म्हणून घेतलेलं सूत्र. डोक्यात नुसती पांढरी जागा होती. पाठीमागे वर्ग वाट बघत होता. 'पाणी पिऊन या,' असं म्हणावं आणि तेवढ्यात पुस्तकात बघून घ्यावं, हे लगेच सुचलं. तिने तसं म्हणायला तोंडही उघडलं. वळून बघितलं तर लाडकी अगदी मागे, बांबूला टेकून, तिच्याकडेच बघत होती.

"मुलांनो," मयुरा म्हणाली, "माझं सूत्र गेलं."

कुणी हसलं नाही. मुलांना वाटलं, मॅडम परीक्षा घेतायत.

"खरंच गेलंय. मला आठवत नाही." तिचा आवाज थोडा कापला, तो तिने कापू दिला. "छाती अजून धडधडतेय. हात गार पडलेत, हा बघा खडू ओला झालाय. माझं सगळं लक्ष पायांखाली आहे, पुन्हा हलतंय का बघायला. म्हणून डोकं गणिताकडे येत नाहीये. जरा थांबू या."

ती खुर्चीत बसली. वर्गात ती कधी बसत नसे.  ताडपत्री फडफडली, तेव्हा ओंकार नावाचा मुलगा दचकला आणि स्वतःच म्हणाला, "वारा आहे, वारा." दोघंतिघं हसली. मयुरालाही हसू आलं आणि छातीवरचं ओझं जरा हललं.

"आता मला काय आठवतंय ते बघते," ती उठून म्हणाली. "दोन बाजू समांतर आहेत, हे आठवतंय. उंची लागते, हे आठवतंय. त्यांचं पुढे काय करायचं, ते गेलंय. तुमच्यापैकी कुणाला येतंय?"

वर्ग तेच सूत्र आदल्या आठवड्यात एका सुरात म्हणत होता. आता एकाचाही हात वर झाला नाही. सुकी हळूच म्हणाली, "तवा कळला होता, मॅडम. नाय, कळला नव्हता. मी बोललेली फक्त." तिच्या शेजारची म्हणाली, "मी पण."

मयुराला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला मोकळं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्ग तिच्याशी खरं बोलत होता.

मागून आवाज आला. "मॅडम, मला पण सूत्र नाय आठवत."

लाडकी उभी होती.

"पण त्रिकोणाचा आठवते," ती म्हणाली. "अर्धा, पाया, उंची. त्याचे दोन त्रिकोण होतील ना? इकडून तिकडे रेघ मारली तर?"

"ये, मार रेघ."

ती सगळ्यांच्या मधून फळ्यापाशी आली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिने कर्ण काढला. रेघ वाकडी आली, ती पुसून तिने पुन्हा काढली. "हा एक त्रिकोण. याचा पाया सहा. हा दुसरा, उलटा. याचा पाया दहा. उंची दोघांना तीच." मग ती थांबली. बोटं हवेत हलायला लागली. "सहा चोक..." तिने डोळे मिटले. मयुराच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिने ते आवरलं. "गेला," लाडकी म्हणाली. "सहा दुणे येते. बारा. आणि परत बारा. चोवीस. त्याचे अर्धे बारा." पुढचं तिने भरभर केलं. दहा चोक चाळीस, अर्धे वीस. बारा आणि वीस बत्तीस.

"बत्तीस चौरस सेंटिमीटर," मयुरा म्हणाली. आणि तेवढ्यात तिला सूत्रही दिसलं, कुणी हाक न मारता घरी परतलेल्या गुरासारखं. समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, त्याचं अर्धं. तिने ते खाली लिहिलं, पडताळून बघितलं. सोळा चोक चौसष्ट, अर्धे बत्तीस. "लाडकीने त्रिकोणातून काढलं तेच हे. आलं बघा माझं परत."

"परत येते?" लाडकीने विचारलं.

"येतं. आत्ता आलं ना, तुझ्यासमोर. तुझा सहाचा पाढा गेला होता, तरी तू दुसऱ्या वाटेने गेलीस. डोकं पडलं असतं तर ती वाट सापडली असती का?"

लाडकीने फळ्याकडे बघितलं. मग आपल्या खडू लागलेल्या हाताकडे. "नाय," ती म्हणाली, आणि ओठ दाबून धरले, पण हसू बाहेर आलंच. जागेवर जाऊन बसल्यावर ती रडली. सुकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मयुराने वर्गाला पुढचं उदाहरण दिलं आणि तिला रडू दिलं, कारण ते रडणं वेगळं होतं.

त्या दिवसापासून मयुराने "कळलं?" विचारणं सोडलं. पुस्तक मिटायचं, आणि आपल्याला काय आठवतं, काय निसटलं, ते शेजारच्याला आपल्या भाषेत सांगायचं, मग वही उघडून बघायचं. मुलं सुरुवातीला लाजली, मग त्यांना त्यात मजा वाटू लागली. "माझा अर्धाच राहिला," हे कुणीही मोठ्याने म्हणू लागलं. धक्का बसला की आधी मैदानात जायचं, मग परत येऊन गार झालेले हात चोळत बसायचं, आणि डोकं ताळ्यावर आलं की जिथून आठवतं तिथून सुरू करायचं. रविंद्र सरांना भाग मागे पडेल अशी धास्ती होती. एकदा ते मागे येऊन तासभर बसले आणि जाताना म्हणाले, "मॅडम, हे माझ्या पाचवीलाही चालेल का?"

बायजीने लाडकीला आरोग्य केंद्रात नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, तिच्याशी थोडं बोलले. मावशी मिरचीच्या वाडीवर एकटीच गेली. धक्के काही थांबले नव्हते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर चांगलाच मोठा बसला आणि दोन दिवस शाळाच भरली नाही. पण तिसऱ्या दिवशी लाडकी आली आणि मैदानात शिरतानाच म्हणाली, "मॅडम, सातचा पाढा गेला होता. काल आला."

परीक्षेचं केंद्र तलासरीला होतं, एका पक्क्या इमारतीत, तेही पहिल्या मजल्यावर. मयुराला तेच खटकत होतं. मुलांनी कित्येक आठवडे डोक्यावर छप्पर घेऊन अभ्यास केला नव्हता. जीपमधून नेताना तिने त्यांना काही सूचना दिल्या नाहीत. फाटकापाशी एवढंच म्हणाली, "बाहेर पळायला सांगितलं तर पळायचं, पेपर गेला उडत." मुलं हसत जिना चढली.

मग ती समोरच्या रस्त्याकडेला उभी राहिली. इतर शाळांचे शिक्षक बोलत होते, तिला बोलावंसं वाटेना. एक कंटेनर खड्ड्यात आदळत गेला आणि तिच्या पायांना जमीन हलल्यासारखी वाटली. तिने वर खिडक्यांकडे बघितलं. कुणी पळालं नाही. तिने स्वतःचे हात बघितले. गार होते. 'घाबरलेय,' ती स्वतःशी म्हणाली, 'दुसरं काही झालेलं नाही,' आणि खरंच थोडं बरं वाटलं.

दुसरा पेपर सुटल्याची घंटा झाली, मुलं खाली आली. लाडकी सगळ्यांत शेवटी. मयुराने तिच्या तोंडाकडे बघून काही कळतंय का ते पाहिलं.

"मध्ये मोठी गाडी गेली ना, मॅडम," लाडकी म्हणाली, "तवा बाक हलला. सगळा गेला. पोटात असा झाला. मी मनात बोलले, घाबरलीस ना, थांब. पेन खाली ठेवला. मग पुढचा सोपा होता तो केला. मग मागचा पण आला."

"सगळा आला?"

"सगळा नाय. दोन नाय आले. पण मला माहीत होता कुठले दोन."

 गेले कित्येक आठवडे मयुराच्या पाठीत एक गाठ होती, तिची तिलाच सवय झाली होती. ती आत्ता सुटल्यावर कळलं. तिने लाडकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चला, भूक लागली असेल."

नाक्यावरच्या टपरीवर सगळ्यांनी वडापाव घेतले आणि तिथेच उत्तरांवरून भांडण जुंपलं. ओंकार एका कोड्याचं उत्तर बावीस सांगत होता, लाडकी अठरा. दोघांनी टपरीच्या फळीवर बोटाने पाणी घेऊन गणित मांडलं. बावीस निघालं.

"अरे!" लाडकी म्हणाली. "मी शेवटची बेरीज विसरले." क्षणभर मयुराचा जीव खालीवर झाला. पण लाडकी पुन्हा एकदा ओल्या आकड्यांवरून नजर फिरवून म्हणाली, "इथे चुकली मी. बरोबर रे, तुझा बरोबर," आणि वड्यातली मिरची बाजूला काढून खायला लागली.

तेवढ्यात मयुराचा फोन वाजला. हाल्या होता, कुणाच्या तरी मोबाइलवरून. "बाई, पोर कशी हाय?"

"वडापाव खातेय, हाल्यादादा," मयुरा म्हणाली. "भांडतेय. चांगली आहे."

 पलीकडे हाल्या कुणाला तरी मोठ्याने सांगत असल्याचा आवाज आला, "चांगली हाय बोलते बाई, चांगली हाय," आणि मागून बायजीचं हसणं.